टाकी उंच झाली का?

यांचा जुना संगणक बंद पडायच्या आधी बरेच दिवस आतून बारीक कट्‌कट् करत होता. वणीजवळ, राजूरच्या अलीकडे आमची वस्ती आहे, आणि इथे माणसाला आवाजांची सवय असते. दुपारी कोळशाच्या उघड्या खाणीचा भोंगा वाजतो, मग सुरुंग उडतो, मांडणीतली ताटं खणखणतात आणि लोक थांबलेलं वाक्य पुढे नेतात. त्यामुळे त्या कट्‌कटीकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही. एका सकाळी यांनी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली. डिस्क सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे? इथंच तर आहे!" हे म्हणाले आणि त्यांनी खोक्यावर चापट मारली.

हे खाणीत इलेक्ट्रिशियन होते. तरुणपणी जमिनीखालच्या जुन्या खाणीत, ती बंद झाल्यावर उघड्या खाणीत, आणि आता निवृत्त. यंत्र मेलं हे त्यांना सहजासहजी पटत नाही. ते खोकं घेऊन ते वणीला गेले. दुकानदाराने डिस्कमधून निघालं तेवढं काढून दिलं. निम्म्याच्या वर फोटो वाचले. सासूबाई अंगणात बसून मिरच्यांचे देठ खुडताहेत आणि कोणावर तरी ओरडताहेत, असा एक व्हिडिओ होता, तो गेला. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. हे त्या दिवशी जेवले नाहीत. मी शाळेत शिकवून परत आले तेव्हा रिकामं खोकं पुसत बसले होते.

नागपूरला आमची मुलगी संगणकांचंच काम करते. तिने फोनवर बापाला सरळ सांगितलं, "बाबा, आता नुसती नवी डिस्क घेऊन नका येऊ. तेही मरन एक दिवस. नेटवर्क स्टोरेज घ्या. एक पेटी असते, राउटरले जोडायची. आत दोन डिस्क. जे एकीत, तेच दुसरीत. आईचा लॅपटॉप, तुमचा नवा संगणक, दोघांचे फोन, सगळ्याची नक्कल तिथं आपोआप जाते."

"अन् दोन्ही डिस्का संगं मेल्या तं?"

"म्हणून दोन्ही एका दुकानातून, एका खेपेच्या घ्यायच्या नाहीत. एक तुम्ही वणीतून घ्या, एक मी इथून पाठवतो. अन् बाबा, तिसरी नक्कल घराबाहेर पाहिजे. घराले काही झालं तर?"

हे हसले. "घर कोठं जाऊन राह्यलं?"

इंटरनेटवरच सगळं ठेवावं, असं मी सुचवून पाहिलं. पण आमच्याकडे एक फोटो वर चढेपर्यंत चहा उकळून निवतो. शिवाय यांचं म्हणणं, "आपले फोटो लोकाच्या घरी कायले?" म्हणून पेटीच घ्यायची ठरली. मग एखाद्या जावयाची चौकशी करावी तशी यांनी त्या पेटीची चौकशी केली. वणीचा दुकानदार एका डिस्कची पेटी गळ्यात मारायला बघत होता. ती यांनी बाजूला सारली. प्लास्टिकची नको, लोखंडी पाहिजे. पंखा साफ करायला उघडता आला पाहिजे. डिस्क रात्रंदिवस चालायला बनवलेली पाहिजे, दुकानातली साधी नाही. लाईन गेली तर पेटीला नीट बंद व्हायला वेळ मिळावा म्हणून वेगळी बॅटरी पाहिजे.

"अन् धूळ किती सोसते हे?" यांनी विचारलं.

"काका, तुमच्या तिकडची धूळ कोणीच सोसत नाही," दुकानदार म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत पेटी घरी आली. बैठकीच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली कडाप्प्याची फळी आहे, तिच्यावर ती ठेवायचं ठरलं. फिरत्या डिस्कला सपाट जागा पाहिजे म्हणून यांनी मिस्त्री लोकांची पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी फळीवर ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला.

"मिस्त्रीनं फळी वाकडी बसवली," हे म्हणाले. त्यांनी पेटीच्या उजव्या पायांखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, बुडबुडा मध्ये आणला आणि बटण दाबलं. दोन हिरवे दिवे लागले. खूप दिवसांनी मी यांना समाधानाने हात झटकताना पाहिलं.

पेटी भरायचं काम माझ्याकडे आलं. आमचे फोटो कुठे कुठे पडले होते! वणीतून वाचवून आणलेले, माझ्या लॅपटॉपमधले, फोनमधले, धुळीने चरे पडलेल्या सीड्यांवरचे. काही वर्षांचे तर बाभुळगावला माझ्या भावाकडेच होते. त्याने ते पेन ड्राइव्हवर दिले. सुट्टीभर मी तेच करत होते. पण काम संपल्यावर महिनोन्‌महिने त्या फोटोंना हात लावला नाही. सगळं सुरक्षित आहे एवढं कळलं की माणूस निश्चिंत होतो, बघत नाही.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही नेहमीप्रमाणे पांढरे कपडे घालून दारापुढे फोटो काढला. घर बांधलं त्या वर्षापासून हा रिवाज आहे. गल्लीच्या पलीकडे हापशी आहे. तिच्या ओट्यावर, ठरलेल्या कोपऱ्यात हे कॅमेरा ठेवतात, टायमर लावतात आणि धावत येऊन आमच्यात उभे राहतात. त्या दिवशी मुलगी आली होती. ती म्हणाली, "आई, सगळ्या वर्षांचे एका ओळीत लाव ना. आता एका जागी आहेत तर पाहू."

मी लॅपटॉप उघडला. पेटीतून सगळे बुद्धपौर्णिमेचे फोटो वर्षवारीने लावले आणि बाणाचं बटण दाबत गेले. पहिल्यांदाच ते असे सलग बघत होतो. मुलगी कडेवर, मुलगी खाली उभी, मुलगी माझ्या खांद्याला. सासूबाई खुर्चीत, मग खुर्ची नाही. यांचे केस गेले, माझा चष्मा आला. मुलगी हसत होती. भिंत दर वर्षी वेगळ्या रंगाची दिसत होती, कारण पौर्णिमेच्या आधी आम्ही दाराच्या वरची भेग पुट्टीने बुजवून रंग देतो. ती भेग सगळ्यांच्याच घरी आहे. सुरुंगाने पडते, असं आमच्या वस्तीत लहान मूलही सांगेल.

मग माझी नजर चेहऱ्यांवरून वर गेली. आमच्या स्लॅबच्या मागे, शेतापलीकडच्या टेकाडावर गावाची पाण्याची टाकी आहे. पहिल्या फोटोत तिचं फक्त टोपण दिसत होतं. मधल्या फोटोंत तिचा कठडा दिसायला लागला. त्या दिवशीच्या फोटोत कठड्याखालच्या शिडीच्या पायऱ्या दिसत होत्या.

"टाकी उंच झाली का?" मी विचारलं.

यांनी माझ्या हातून लॅपटॉप ओढून घेतला. पुढे, मागे, पुढे. पहिला फोटो, आजचा फोटो. पुन्हा पहिला.

"टाकी कशी उंच होईन?" हे शेवटी हळू आवाजात म्हणाले.

मुलीचं हसू थांबलं. "बाबा, कॅमेरा वेगळा असन. जागा हलली असन."

"ओटा तोच आहे. कोपरा तोच आहे. खालून पाह्यलं तर टाकी आपल्या स्लॅबामागं लपते. स्लॅब बोटभर खाली गेला तरी लांबची टाकी हातभर वर दिसते." ते उठले. कपाटातून ती बुडबुड्याची पट्टी काढली आणि पेटीच्या डोक्यावर ठेवली. दिवाळीत यांनी स्वतः मध्ये आणलेला बुडबुडा पुन्हा डावीकडे जाऊन बसला होता.

मला आठवतं, त्या क्षणी मी पायांखालच्या फरशीकडे पाहिलं. रोज पुसते ती फरशी. आणि पाय वर घेऊन खाटेवर बसले. हसण्यासारखंच होतं ते, खाटही त्याच फरशीवर होती.

"जुनी खाण तर सडकेच्या पलीकडं होती ना?" मी म्हणाले. "तुम्हीच सांगत होते नेहमी."

"सडकेपलीकडंच थांबली, असं आम्हाले सांगत होते."

"पण तुम्ही खाली होते ना?"

"होतो ना. वायर ओढत होतो. खाली माणसाले, वर सडक आहे का घर आहे, कोठं दिसते?"

मुलीने आपल्या ओळखीच्या एका इंजिनिअरला वणीहून बोलावलं. तरुण माणूस, फार बोलणारा नव्हता. त्याने दाराच्या वर, मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात भेगा खरवडल्या आणि त्यांच्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटने बसवल्या. "भेग वाढली तर काच फुटन," त्याने सांगितलं. "ओढाताण नसली तर राहीन तशीच. रोज पाहा."

तेव्हापासून भोंगा झाला की आम्ही दोघं त्या काचांपाशी जाऊन उभे राहायचो. मी शाळेत असले की हे एकटे. सुरुंग उडायचा, ताटं खणखणायची, पेटीतली डिस्क क्षणभर कुरकुरायची, आणि काच शाबूत. दुसऱ्या दिवशीही शाबूत. आठवड्यानंतरही शाबूत. मला बरं वाटायला लागलं. यांना नाही. ते उलट जास्त गप्प होत गेले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सुरुंगानं फुटली असती तर मी निवांत झोपलो असतो. सुरुंग बंद होऊ शकते. खालची जुनी खाण कोण बुजवन?"

शाळा सुरू झाल्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. खाणीला सुट्टी होती. भोंगा नाही, ट्रक नाहीत, सकाळपासून वस्तीत इतकी शांतता की शेजारच्या काकूंच्या कोंबड्यांची पावलंही ऐकू यावीत. आम्ही चहा पीत बसलो होतो. मागच्या खोलीतून आवाज आला, टक्. नखाने बशीवर टिचकी मारावी एवढा.

हे जागचे हलले नाहीत. मीच गेले. काचेची पट्टी मधोमध उभी चिरली होती. दोन्ही तुकडे सिमेंटला धरून होते आणि त्यांच्यामध्ये केस मावेल एवढी फट होती. मी हात लावला नाही. बाहेर आले तेव्हा यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

मुलीला फोन केला. ती त्याच दुपारी निघाली, संध्याकाळी पोचली. हे दारातच तिला म्हणाले, "पहिले ते पेटी घेऊन जा. वायरी मी काढून ठेवल्या."

"बाबा, पेटीले मी काय करू? पहिले तुम्ही चला."

"फोटो त्यात आहेत."

"फोटोची नक्कल मी मांगच नागपूरले नेली. पौर्णिमेलेच. तुम्हाले सांगितलं नाही. तुमची नक्कल कोठं आहे सांगा."

या माणसाने माझ्यासमोर कधी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. त्या दिवशीही दिलं नाही. पण ते आत गेले आणि आपले कपडे पिशवीत भरायला लागले, आणि मला समजलं की आम्ही घर सोडतो आहोत.

आता आम्ही वणीला दोन खोल्यांत भाड्याने राहतो. पेटी खिडकीपाशी स्टुलावर आहे. खाणीच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. पाहणी व्हायची आहे. घर उभंच आहे, कुलपात. हे आठवड्यातून एकदा जातात, बाहेरूनच बघून येतात. काय दिसलं ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. निघताना वस्तीत सगळ्यांना आम्ही काच दाखवली होती. काहींनी मान हलवली. काही म्हणाले, तुमच्या मिस्त्रीनं पायाच कच्चा भरला.

परवा शेजारच्या काकू आल्या. आमची आणि त्यांची भिंत लागून आहे. त्यांची तुरीची शेती वस्तीच्या मागेच आहे, म्हणून त्यांना घर सोडून कुठे जाणं जमत नाही. ऑटोने एकट्याच आल्या होत्या. पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, माझ्या शाळेची चौकशी केली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या पेटीत आमची भिंत असन का व?"

"कायची भिंत, काकू?"

"तुम्ही दर वर्षी फोटो काढता ना दारापुढं. बाजूनं आमचं घर येत असन त्यात. आमच्याजवळ तर एकही फोटो नाही. मले पाह्यचं आहे."

मी लॅपटॉप उघडला. यांच्याकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते. पहिल्या फोटोच्या उजव्या कडेला, यांच्या खांद्यामागे, काकूंच्या मागच्या खोलीची खिडकी होती; त्यांचं दार मागच्या गल्लीत आहे, म्हणून ती खोली आमच्या गल्लीवर येते. इतकी वर्षं ती तिथे होती आणि मी ती कधी पाहिली नव्हती. मी तो कोपरा मोठा केला. चौकट सरळ होती, गज सरळ होते.

"पुढं घे," काकू म्हणाल्या.

मी पुढे घेत गेले. काकू पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. शेवटच्या फोटोवर मी थांबले. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक रेघ निघून जमिनीकडे गेली होती, आणि चौकट यांच्या खांद्याच्या बाजूला कलली होती.

काकूंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, डोळ्यांजवळ धरून बटण दाबलं आणि पलीकडून सुनेचा आवाज येताच म्हणाल्या, "लेकराले मांगच्या खोलीतून उचल. आत्ता उचल. कायले विचारू नको."