डाव्या स्कीची वादी

स्पिरिदोन इग्नातिच पहाटे चारला उठला तोच मुळी दमलेला. एकेचाळीस वर्षं तो विमानाच्या आधी उठत आला होता. उणे अठ्ठेचाळीस अंशांत इंजिन काही आपणहून सुरू होत नाही. त्याच्याखाली शेगडी लावून चार-चार तास ऊब द्यावी लागते, आणि तेवढा वेळ शेगडीपाशी माणूस लागतो. इंदिगिर्का नदीकाठच्या त्या वस्तीत असा माणूस एकच होता. दुसरा मेकॅनिक पाठवतो असं जिल्ह्याच्या कचेरीने कबूल केलं, तेव्हा सोव्हिएत राज्य होतं. राज्य गेलं, आश्वासन मात्र अजून शाबूत होतं.

विमानही त्याच्यासारखंच म्हातारं. पंखावर पंख असलेलं, एका इंजिनाचं, हिवाळ्यात चाकं काढून स्की लावलेलं. हवेत असताना स्कीचं नाक खाली झुकू नये म्हणून पुढून एक रबरी दोर असतो आणि तो तुटलाच तर आधाराला पोलादी तार. त्या वर्षी थंडीने डाव्या स्कीचा रबरी दोर तडकला आणि डिसेंबरात तारेचेही धागे उसवले. स्पिरिदोनने कचेरीला तीनदा कळवलं. तीनदा उत्तर आलं, सामान पुढच्या विमानाने येईल. अहो, पुढचं विमान कुठलं? हेच ते विमान!

शेवटी त्याने आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं तेच केलं. घोड्याच्या कातड्याची तीन बोटं रुंद वादी कापली आणि कितीही थंडी पडली तरी कडक होऊ नये म्हणून तिच्यात घोड्याची चरबी जिरवली. दोर आणि तार दोन्ही काढून त्या जागी वादी आवळली आणि वरून काळा रंग फासला. वादी झकास बसली. वादी बसवली त्या सकाळी वैमानिक अफनासीने नेहमीप्रमाणे विचारलं, "इग्नातिच, सगळं ठीक?" आणि स्पिरिदोन म्हणाला, "ठीक." एकदा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळं काय सांगणार? मग रोज ठीकच होतं. मार्चमध्ये निवृत्ती होती. तेवढे दिवस वादीने ओढून न्यावेत, एवढीच त्याची अपेक्षा.

फेब्रुवारीअखेरच्या त्या दमलेल्या सकाळी विमान भरलं. आठ माणसं, गोठलेल्या माशांची पोती, आणि स्पिरिदोनची बायको अकुलिना. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. स्पिरिदोन चहा प्यायला रेडिओच्या खोलीत गेला होता. परत येताना पंखाखालून एक कुत्रा जिभल्या चाटत निघालेला त्याने पाहिला. आज याची चंगळ दिसते, एवढंच त्याच्या मनात आलं. एरवी तो वादीवरून हात फिरवायचा. त्या दिवशी बोटं बधिर होती, कंबर धरली होती, म्हणून त्याने लांबूनच नजर टाकली. वादी जागेवर दिसली. समोरच्या बाजूने ती होतीच.

"सगळं ठीक?" अफनासीने खिडकीतून विचारलं.

"ठीक."

"ए म्हाताऱ्या," मागच्या खिडकीतून अकुलिना ओरडली, "गाईला गरम पाणी दे! मी नाही म्हणून नुसता लोळत पडू नकोस!"

त्याने लाकडी हातोडा घातला, बर्फाला चिकटलेल्या स्की सुटल्या आणि विमान उडालं.

तो खोलीत शिरतोय तोच रेडिओवाली वार्या उभी राहिली. "इग्नातिच, अफनासी म्हणतोय, डाव्या स्कीने मान टाकली."

स्पिरिदोनला कुत्रा आठवला. चरबी आठवली.

रेडिओतून अफनासीचा आवाज आला, अगदी शांत. "रबर तुटलं असणार. तार आहे ना, फार झुकणार नाही. आपल्या धावपट्टीवर मऊ बर्फ आहे, हळूच टेकवतो. इग्नातिचला विचार, बरोबर आहे का."

तार असती तर बरोबरच होतं. वादी अर्धी खाल्लेली, ती कुठल्या क्षणी सुटेल सांगता येत नव्हतं. मग नाक सरळ खाली येणार, मऊ बर्फात रुतणार आणि विमान तोंडावर उलटणार.

वार्याने माइक पुढे केला. तो रेडिओ दुकानात ऐकू जायचा, शाळेत जायचा आणि जिल्ह्याच्या कचेरीतही. स्पिरिदोनने माइक हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. लाज वाटली त्याला, भयंकर लाज, आणि त्या लाजेपायी दोन-तीन श्वास वाया गेले.

"तार नाहीये," तो म्हणाला.

"काय नाहीये?"

"तार नाही, रबर नाही. कातड्याची वादी बांधलीय मी. ती कुत्र्याने खाल्ली. पट्टीवर येऊ नकोस, रुतशील."

"मग कुठे?"

"नदीवर. वळणाखाली वाऱ्याने बर्फ झाडून नेलाय, तिथे काच आहे नुसती. त्याच्यावर नाक रुतणार नाही, घसरेल, आपोआप सरळ होईल. माणसं शेपटाकडे सरकव. आधी उजवी टेकव. डावी जमेल तेवढी उशिरा."

"समजलं."

स्पिरिदोन नदीपर्यंत धावला म्हणावं, तर तो धावला नाही. तेवढी शक्तीच नव्हती. चालता चालताच त्याने पाहिलं, विमान वाऱ्यात जवळजवळ थांबल्यासारखं उतरलं, एका पायावर लांबवर घसरत गेलं. मग डावी स्की ठाण्‌कन आपटली, उडाली, सरळ झाली, चिरली. विमानाने अर्धी गिरकी घेतली आणि ते उभं राहिलं.

दार उघडलं. एकेक माणूस उतरलं, सगळी नऊच्या नऊ. अकुलिनाच्या कपाळाला टेंगूळ होतं आणि तोंड चालू होतं, म्हणजे ती बरी होती.

अफनासी सगळ्यांच्या शेवटी उतरला. स्कीजवळ वाकून त्याने वादीचा उरलेला तुकडा पाहिला. दातांच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या.

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून."

"मी रोज विचारत होतो तुम्हाला."

"हो."

"त्यातलं किती वेळा ठीक होतं?"

कचेरीचं नाव घेता आलं असतं. कुत्र्याचं, थंडीचं, वयाचंही. पण स्पिरिदोनला आता सगळ्याचाच कंटाळा आला होता आणि खोटं बोलायचा कंटाळा सगळ्यांत मोठा होता. "एकदाही नाही," तो म्हणाला.

अफनासीने हातमोज्याने मिशांवरचा बर्फ पुसला. रागावलेला दिसत नव्हता, तेच जास्त वाईट. "सांगितलं असतंत तरी मी उडालोच असतो, इग्नातिच," तो म्हणाला. "या लोकांना दुसरं कोण नेणार होतं? फक्त तुम्ही चहाला गेल्यावर मी वादीची राखण केली असती."

तीन महिने ते ओझं स्पिरिदोनने एकट्याने वाहिलं होतं, आणि ते वाटून घेणारा माणूस रोज खिडकीतून विचारत होता. तो तिथेच नदीवर बसला आणि रडला.