बेडकाला पूर्ण पान

गोटीराम पिंगळेला वाघ काढता येत नव्हता. ही गोष्ट त्यानं चारचौघांत कधी बोलून दाखवली नाही, कारण त्याचं घर वाघावरच चालत होतं. रविवार कारंजावर ज्ञानेश कुलथे नावाचे प्रकाशक होते. ते गाईडं छापत, आणि गाईडं छापून कागद उरला की बालवाङ्मय काढत. शाळांच्या वाचनालयांत पुस्तक खपवायचं तर मुखपृष्ठावर वाघ पाहिजेच, असं त्यांचं शास्त्र होतं. आता मखमलाबादच्या माणसानं वाघ पाहावा कुठं? द्राक्षाच्या बागेत बिबट्या येतो, पण तो कुत्रं उचलून जातो, चित्रासाठी थांबत नाही. गोटीरामनं सुरुवातीला कॅलेंडरावरून वाघ काढून पाहिला. तो पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा दिसला. कुलथे म्हणाले, “छान आहे. वाघ आहे हे कळतं.” चित्रकलेकडून त्यांची यापलीकडे अपेक्षा नव्हती.

गोटीरामची होती, हीच सगळी अडचण.

मग त्यानं स्वतःची एक रीत बसवली. आधी माणूस शोधायचा, मग त्याला शेपूट लावायचं. घरची झेंडू-शेवंती भाऊ बाजारात न्यायचा आणि हा त्याच्यामागे रिकामा हात हलवत जायचा. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरला की एखाद्या पायरीवर बूड टेकून दिवसभर लोकांकडं बघत बसायचा. पिशवीत जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो, शाई फुटत नाही, आणि आमच्याकडं पाण्याचा तुटवडा पडेल पण पत्रिकांचा पडणार नाही. त्यामुळे गोटीरामचा प्रत्येक कोल्हा कुणाच्या तरी कुलस्वामिनीच्या कृपेनंच जन्माला यायचा.

कोथिंबीर विकणारी नवसाबाई मान लांब करून गिऱ्हाइकाच्या हाताकडं बघायची. तिची टिटवी झाली. मीटर बघायला येणारा वायरमन खार झाला. गोटीराम घरी येऊन आधी माणूसच काढायचा, अगदी शर्टाच्या बटणासकट. मग दुसऱ्या कागदावर तेच पुन्हा, नाक जरा लांब. तिसऱ्यावर कान वर. माणूस थोडा थोडा पुसत जायचा, जनावर उरेपर्यंत. मध्येच कुलथ्यांचा ‘अर्जंट’ म्हणून निरोप आला की घोटाळा व्हायचा. एका सशाच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची खूण तशीच छापली गेली. कुणाच्याही लक्षात आली नाही. पुस्तक मुलांचं असल्यामुळे मोठ्यांनी ते वाचलं नव्हतं, आणि ते शाळेच्या कपाटात कुलपात असल्यामुळे मुलांनीही.

गावात याला काम म्हणत नसत. बापाच्या वयाला आलेला गडी खारी काढत बसतो म्हटल्यावर लोक सांगणार तरी काय? बायको भागुबाई पाव्हण्यांना सांगायची, “ते प्रकाशनात हायेत.” ऐकणाऱ्याला वाटायचं, लायटीच्या ऑफिसात असतील.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदमच आल्या. कुलथ्यांनी ‘तळ्याकाठची सभा’ नावाची गोष्ट चित्रांसाठी पाठवली आणि थोरल्या पोरीला, दीपमालेला, विंचूरचं स्थळ आलं.

गोष्ट शिक्षण खात्यातून रिटायर झालेल्या एका साहेबांची होती. तीत हत्ती अध्यक्ष होता आणि सगळी जनावरं परिपत्रकासारखी बोलत होती. ‘मी माननीय अध्यक्षांच्या सूचनेस अनुमोदन देतो,’ असं त्यात बेडूक म्हणतो. साहेबांनी चित्रकारासाठी वेगळी सूचनाही जोडली होती: चित्रे आकर्षक असावीत, परंतु विद्यार्थ्यांस हसू येईल अशी नसावीत.

स्थळ मात्र चांगलं होतं. मुलगा तालुक्याला नोकरीला, बाप रावजीशेठ कांद्याचा व्यापारी. पोरगी त्यांनी पाहिली, पसंत पडली, आता यांनी जाऊन घर पाहायचं होतं. गोटीराम भावाला घेऊन एस्टीनं विंचूरला गेला. भावानं घर पाहिलं, गोठा पाहिला, गोडाऊन पाहिलं. गोटीरामनं फक्त रावजीशेठ पाहिले.

बाजारात लिलाव चालला होता. रावजीशेठ सावलीतल्या एका सिमेंटच्या ठोकळ्यावर गुडघ्यांवर पंजे ठेवून बसले होते. डोळे अर्धे मिटलेले. बोली लावायच्या आधी गाल हळूहळू फुगत, बराच वेळ तसेच राहत, आणि मग आतून एकच आकडा बाहेर पडे. गोटीरामचा हात पिशवीतल्या पत्रिकांकडं गेला. असा बेडूक त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तिथंच शेजारी चुलतभाऊ निवृत्तीअण्णा उभे होते, पाठीमागून ऊन आल्यामुळे त्यांचे कान लालभडक दिसत होते. हत्तीचीही सोय झाली.

तेवढ्यात एक हमाल पाठीवर गोणी घेऊन घामाघूम आला नि धापा टाकत थांबला. रावजीशेठ ओरडले, “मरायचंय का उन्हात? हिकडं सरक, येड्या!” आणि त्याला सावली मिळावी म्हणून स्वतः ठोकळ्यावरून अर्धे उन्हात सरकले. शिव्या मात्र चालूच.

घरी आल्यावर गोटीराम लगेच कागदांवर बसला. शेवटच्या पत्रिकेवर बेडूक आला: अळूच्या पानाखाली बसलेला, गाल फुगलेला, एक मांडी उन्हात. आणि त्यानं सोडलेल्या सावलीत पाठीवर शंख घेतलेली गोगलगाय.

दीपमालेनं तो कागद उचलला. “दादा, हे कोण?”

“ठरलं तर तुझा सासरा.”

तिनं बराच वेळ पाहिलं. “गोगलगाय खरीच होती का मनची?”

“खरीच होती. हमाल होता. शिव्या देऊन बसवला.”

“मग हो कळवा,” दीपमाला म्हणाली.

मुलगा पाहायला आला तेव्हा तिनं त्याच्या बुटांखेरीज काही पाहिलं नव्हतं. म्हणजे पोरीनं होकार दिला तो बेडकाला.

सुपारी फुटली, पुढच्या वैशाखातली तारीख निघाली, तोवर सगळं ठीक होतं. मग एक दिवस भागुबाईनं टेबलावर वाळत घातलेला रंगीत बेडूक पाहिला. सुपारीच्या दिवशी इवायाला, म्हणजे रावजीशेठना, तिनं स्वतः वाढलं होतं. तिनं तिथंच कपाळावर हात मारला.

“आवं, काय करून राहिले तुमी? इवायाला बेडूक केला? पोरीचं लगीन मोडायचंय का?”

“कोण ओळखतंय?”

“मी ओळखला ना! एकदा जेवायला वाढलं तेवढ्यात ओळखला. बदला त्याला.”

गोटीरामनं खरोखर प्रयत्न केला. पोरीच्या संसाराचा प्रश्न होता. त्यानं गाल कमी केले, तर बेडूक आजारी दिसला. मिशा दिल्या, तर तो जास्तच रावजीशेठ झाला. शेवटी कुणाचाच चेहरा नसलेला एक बेडूक काढला; तो हुबेहूब साबणाच्या डबीसारखा आला. कुलथ्यांना मात्र तोच आवडला. “सुबक आहे,” म्हणाले. साहेबांनाही तोच आवडला, कारण आधीच्या चित्रातल्या गोगलगायीचा संहितेत उल्लेख नव्हता. भागुबाईसकट तिघंही एका बाजूला गेलेले पाहून गोटीरामला कळलं की आपली मूळ बाजू बरोबर होती. त्यानं साबणाची डबी फाडली आणि पहिलाच बेडूक गुपचूप छपाईला देऊन आला. घरी सांगितलं, बदलला.

पुस्तक छापलं, सरकारी खरेदीच्या योजनेत लागलं, शाळाशाळांत पोचलं. एरवी ते कुलपातच मेलं असतं. पण विंचूरच्या शाळेतल्या एका मास्तरांना कांदा विकायचा होता, आणि ते पुस्तक हातात घेऊनच बाजारात गेले. दुपारपर्यंत सगळा बाजार पुस्तकातल्या तळ्याकाठी जमला होता. दुसऱ्या दिवशी निरोप आला: इवायाला घेऊन या, इहिणीलाबी आणा.

रावजीशेठ गोडाऊनपुढं बसले होते. पुढ्यात पुस्तक उघडं.

“हे कोण हाय?”

“बेडूक हाय, इवाई,” गोटीराम म्हणाला.

“बेडूक हाय ते आंधळ्यालाबी दिसतंय. कोण हाय?”

गोटीराम चित्रातल्या गवताकडं बघू लागला.

“गाल माझे?”

“हायेत.”

“ही बसायची तऱ्हा?”

“तुमचीच.”

भागुबाईनं डोळे मिटून वणीच्या देवीला साडी बोलली.

“एक नंबर!” रावजीशेठ म्हणाले. “मंडळी म्हणली, तुमचा इतका चांगला फोटो कधीच आला नाय.” भागुबाईनं एक डोळा उघडला. पण रावजीशेठनी पान उलटलं. “अन हा?”

“हत्ती.”

“हत्ती म्हंजी आमचा निवृत्ती. कानावरनंच वळखला. त्याला पूर्ण पान! अन मला? खाली गोष्ट, बाजूला गवत, कोपऱ्यात मी. पोराच्या बापाला अर्धं पान अन चुलत्याला पूर्ण? आमच्या घरात आधी फेटा कोणाला बांधायचा यावर तीन लग्नांत जेवणं थंड झाली, ठावं हाय का तुमाला? अन काल बाजारभर निवृत्ती पान उघडून दाखवत फिरला.”

“शेठ, गोष्टीत हत्ती अध्यक्ष हाय…”

“कोणी केला? मतदान झालं का?”

“साहेबांनी तसं लिहिलंय. पुढच्या आवृत्तीत बघतो.”

“आवृत्ती म्हंजी?”

“पुन्हा छापलं तर.”

“कधी छापतेत?”

इथं एखाद्या शहाण्या माणसानं दिवाळीला म्हणून वेळ मारून नेली असती. गोटीराम म्हणाला, “कुलथ्यांचं कुठलंच पुस्तक पुन्हा छापत नाय.”

“मग लगीनबी पुढच्या आवृत्तीत,” रावजीशेठ म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

परतीच्या एस्टीत भागुबाई निफाडपर्यंत खिडकीबाहेर बघत आली. निफाडला म्हणाली, “बदलला म्हणले होते.” उतरता उतरता म्हणाली, “त्यांचं ते गोडाऊन… रस्त्याच्या अंगाला भिंत कोरीच हाय.” बाईला चित्रकलेतलं काही कळत नव्हतं. मानपानातलं सगळं कळत होतं.

असा आमचा बालचित्रकार बांबूच्या परांचीवर चढला. औरंगाबाद रस्त्याला तोंड करून असलेल्या त्या भिंतीवर त्यानं कोळशानं बेडूक काढला, आणि खरं सांगायचं तर कागदावरच्यापेक्षा तो जोरकस उतरला. एस्टीचे ड्रायव्हर गाडी हळू करू लागले. मग रंगकाम सुरू झालं आणि मालक देखरेखीला आले.

“पोट जरा आत घ्या. लगीनघर हाय.” पोट आत गेलं. “फेटा पाहिजे.” फेटा आला. “गळ्यात चेन.” आली. “गॉगल शोभंल का?” शोभेल म्हणून तोही आला. मुलांच्या पुस्तकांत साहेब सुधारणा सांगत, इथं शेठ सांगत होते; फरक एवढाच की शेठनी निदान चित्राकडं बघून सांगितलं. शेवटी ते मागं सरकले आणि म्हणाले, “अन ही गोगलगाय कशाला? माझ्या सावलीत बसून माझीच जागा खाती. पुसा तिला.”

गोटीरामचा ब्रश तिथं थांबला. फेटा, चेन, गॉगल त्यानं हसत सोसलं होतं. पण पोरीनं होकार दिला होता तो ज्या बेडकाला, त्याचं शेवटचं चिन्ह तेवढंच उरलं होतं, आणि ते पुसायला तोच माणूस सांगत होता. उद्या येतो म्हणून तो खाली उतरला नि घरी आला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा मनात आणलं, की मोडलं तर मोडू द्यावं.

दीपमालेनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “दादा, सगळा दिवस भिंतीला ऊन असतंय. तुमाला त्रास नाय झाला?”

“मला कुठं ऊन? शेठ परांचीशेजारी पिंपावर उभं राहून माझ्या डोक्यावर छत्री धरतेत ना. हात दुखला की मला शिव्या देतेत, रंग लवकर वाळत नाय म्हणून.”

दीपमाला हसायला लागली. “मग पुसा की,” ती म्हणाली. “मला काय भिंतीबरूबर नांदायचंय?”

गोगलगाय पुसली गेली. लग्न वैशाखातच झालं. भिंतीवर गॉगल घातलेला, फेटेवाला, सपाट पोटाचा एक हिरवा इसम पुढं कितीतरी वर्षं रस्त्याकडं बघत होता. तो बेडूक आहे असं कुणाला वाटलं नाही आणि रावजीशेठ आहेत असंही नाही. रावजीशेठ मात्र खूश होते, कारण त्या भिंतीएवढा मोठा हत्ती पंचक्रोशीत नव्हता. निवृत्तीअण्णा लग्नात टॉवेल-टोपी घेईनात. त्यांनाही भिंत कबूल करावी लागली. त्यानंतर विंचूरकडं मान राखायचा झाला की लोक गोटीरामला बोलावू लागले. कुणाचा सिंह झाला, कुणाचा घोडा, सगळे गॉगल लावून. गाढवाला कधी मागणी आली नाही, जरी माल भरपूर होता. कुलथ्यांनी दोन हजार साली बालवाङ्मय बंद करून कॉम्प्युटरची गाईडं काढली, तेव्हा या भिंतींनीच घर सावरलं.

वाघ त्याला तेव्हाही जमला नव्हता. पत्रिकांच्या पाठीवरचं काम मात्र त्यानं सोडलं नाही. ती चित्रं आता कुणी छापणार नव्हतं, म्हणून कुणी सुधारतही नव्हतं.

एक दिवस दीपमालेचा एसटीडीवरून फोन आला. सासूशेजारी उभी राहून बोलत असावी, आवाज दबका होता.

“दादा, हितं आमच्याकडं आत्तेसासूबाई आल्यात राहायला. एका पायावर उभ्या राहून भाकरी थापतेत. मान अशी… फोनवर नाय सांगता येत. तुमी याच. लवकर या, सोमवारी जाणारेत.”

गोटीरामनं पिशवी उचलली, पाटावरच्या गठ्ठ्यातल्या चार पत्रिका घेतल्या.

“पुन्हा?” भागुबाई म्हणाली. “काढायचंच असंल तर मासा काढा. माशाला चेहरा नसतो.”

“असतो,” गोटीराम म्हणाला आणि चपला शोधू लागला.