चिंध्यांच्या ढिगावरची ठमी

उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यामागे चिंध्यांचा ढीग पडायचा. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तिथे एक बाई येऊन बसली. अंगाला चिंध्या गुंडाळायची, हवेतल्या कुणाशी तरी भांडायची, जवळ आलेल्याला दगड मारायची. लोकांनी तिला टेम्पोत घालून लांब सोडलं. ती चालत परत आली.

समोरच्या चाळीतल्या गयाबाई कारखान्यातले कपडे घरी आणून धागे कापायच्या. त्या बाईचं ओरडणं कानावर आलं की त्यांना बसवेना. शेवटी कात्री घेऊन त्या तिच्यापासून थोड्या अंतरावर जाऊन बसू लागल्या. पहिला चहा तिने भिरकावून दिला. पुढे कधीतरी प्यायली.

गयाबाईंनी सरकारी दवाखान्यातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांना गळ घालून ढिगापाशी आणलं. ते म्हणाले, "गोळ्या रोज पोटात गेल्या पाहिजेत. देणार कोण?"

"मी देते."

शेजारचा शशिकांत म्हणाला, "भाजीत कालवून द्या ना, मावशी. कळणार पण नाही तिला."

"आणि कळलं तर? माझ्या हातचं पाणी पण नाही घ्यायची."

गोळी तळहातावर ठेवून त्या सांगायच्या, "डोक्यातला गलका कमी होईल." ती हात झटकायची. कित्येक गोळ्या मातीत गेल्या. एका सकाळी तिने गयाबाईंकडे रोखून पाहिलं आणि गोळी गिळली.

थोड्या दिवसांनी तिचे हात थरथरू लागले. गयाबाईंना वाटलं, आपणच हिचं वाटोळं केलं की काय? डॉक्टरांनी औषध बदललं.

ती आंघोळ करू लागली. कारखान्याच्या सिंधी मालकीणबाईंनी कपडे दिले. मग एकदा ती आपणहून म्हणाली, "मी ठमी. बारवीकडची."

गयाबाईंनी तिला बारवी धरणाजवळच्या तिच्या पाड्यावर पोचवलं. भाऊ वाळू रडला. "आमी हिला मेली समजलो होतो!" त्याने तिला ठेवून घेतलं. गयाबाई परतल्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. गोळ्या देत असतील ना?

पाऊस सरता सरता ठमी पुन्हा ढिगावर दिसली. पाय फुटलेले, तोंडाने बडबड. मागोमाग वाळू आला. "बाय, आमी दिसभर रानात. हिला बगायचा कोनी?"

"आम्ही बघू. पण तू येत जा."

चाळीने जिन्याखालची जागा मोकळी करून दिली. सकाळची गोळी गयाबाई द्यायच्या, संध्याकाळची मालकीणबाई. ठमी धागे कापायला शिकली. तरी मध्येच उठून चालू लागायची, आणि ती दिसेपर्यंत गयाबाई आत-बाहेर करत राहायच्या.

एकदा ती दोन दिवस आलीच नाही. वाळू भातकापणी टाकून आला, चाळीतली माणसं बाहेर पडली. पाड्याच्या वाटेवरच्या कुळगावच्या बाजारात गयाबाईंनाच ती सापडली.

"कुठं मेली होतीस?" त्या भर रस्त्यात ओरडल्या.

ठमीने हात पुढे केला. "गोळी दे. लय बोलतायत."

गोळ्या घरी राहिल्या होत्या. गयाबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि त्या रिक्षा शोधू लागल्या.