दाजींची मोजणी

आमच्या दाजींइतका आकड्यांवर जीव टाकणारा माणूस उभ्या खानदेशात झाला नाही. हे वाक्य त्यांनी ऐकलं असतं तर लगेच विचारलं असतं, "खानदेशातल्या किती जणांना भेटलास?" दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ते जळगावच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत, मी धुळ्याला समाजशास्त्र. "कसं काय दाजी?" म्हटलं की "सरासरीने बरं." अक्काने भरीत वाढून "कसं झालंय?" विचारलं की, "परवापेक्षा उजवं. पण दोन वेळच्या भरितावरून निष्कर्ष काढू नये." अक्का हसायची आणि आणखी वाढायची.

आमचा वाद ठरलेला. "जे मोजता येत नाही ते शास्त्र नव्हे, गप्पा," असं दाजींचं म्हणणं. "पण मोजायचं काय, हे गप्पांशिवाय कळणार कसं?" हे माझं.

अक्का गेली तेव्हा दाजी रडले नाहीत. तेरावं झालं आणि कॉलेजात हजर. तिचं नाव म्हणून काढत नसत. सत्तर-एकाहत्तर साल असेल, एकदा त्यांनीच टूम काढली, "कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांची पाहणी करू. आधी मी मोजीन, मग तू ऐक. शेवटी दोन्ही जोडू."

"जोडणार कशाने?"

"डिंकाने!"

भडगावजवळच्या एका खेड्यात एक म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत होती. दाजींनी विचारलं, "आजी, घरात माणसं किती?"

"चार."

घरात दुसरं कोणीच दिसेना. "बाकीचे कुठे?"

"पोऱ्या सुरतले शे. सून, नातू, बठ्ठा तठेच."

"सगळे तिकडेच? मग एकच लिहितो."

"आठे मी एकलीच शे, भाऊ," म्हातारी शांतपणे म्हणाली. "पन घर ते बठ्ठासनं शे."

दाजींचं पेन थांबलं. एरवी त्यांनी तिला कुटुंबाची व्याख्या ऐकवली असती. त्यांनी चार लिहिले. पुढचा प्रश्न विचारलाच नाही, ओट्यावर बसले आणि तिच्यासोबत शेंगा फोडू लागले.

परतीच्या एस.टी.त खिडकीबाहेर गिरणा नदीकडे बघत ते एकदम म्हणाले, "तुझ्या अक्काला गिरणेचं पाणी फार आवडायचं रे." आणि जळगाव येईपर्यंत अक्काबद्दलच बोलत राहिले. मी नुसता ऐकत होतो.

मोजणं आणि ऐकणं जोडायचा तो डिंकाचा प्रश्न आम्ही पुढेही सोडवला नाही. दर सुट्टीत तेवढ्यासाठी ते धुळ्याला यायचे, दारातूनच पहिला मुद्दा मांडायचे. कधी वाटतं, बरं झालं सुटला नाही. सुटला असता तर अक्कामागे ते माझ्याकडे कोणत्या निमित्ताने आले असते?