मांजरीला उपाशी ठेवायचं होतं

आमच्या कोळीवाड्यात विषाला विष म्हणत नाहीत, औषध म्हणतात. पुतण्या माझ्या पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "काकी, नारळी पुनवेच्या आत मांजरांना औषध टाकायचं ठरलंय." मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि विचारलं, "कुठं टाकणार?"

"जाळ्यांच्या शेडीत. पावसात सगळी तिथंच असतात."

मांजरं तिथं असतात हे खरं होतं. पण पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर चढवलेल्या असतात आणि अख्खा वाडा त्याच शेडीत बसून जाळी दुरुस्त करतो. मोठ्यांच्या पायांत पोरं खेळतात. माझी नात तेव्हा दहा महिन्यांची होती. ती त्या शेडीत रांगायची आणि हाताला लागेल ते तोंडात घालायची. जाळ्याचं बूच, शिंपला, एकदा मेलेली पाल. तिच्या तोंडात बोट घालून माझं बोट सोललं होतं.

मला मांजरांचं प्रेम नाही. वलांडीवर बोंबील वाळत घातले की ती बांबूवर चढतात, खळ्यावर जवळा पसरला की त्यात घाण करतात. मागच्या वर्षी व्यापाऱ्याने वास येतो म्हणून आमचा जवळा उघडूनसुद्धा बघितला नाही. पुतण्या वाड्याचा पाटील. लोकांची बोलणी त्याने खाल्ली. त्याचा राग मला कळत होता.

पण औषधाचं मला ठाऊक होतं, कारण माझ्याच नवऱ्याने एकदा ते टाकलं होतं. मी नवी नवरी होते. त्याने सगळीकडे औषध लावलेल्या माशांच्या मुंड्या ठेवल्या आणि मांजरं जागेवर मरतील असं त्याला वाटलं. जागेवर एकही मेली नाही. घसा जळायला लागला की ती पाण्याकडे धावतात. दोन विहिरीत पडली. बाकीची कुठे कुठे घुसून मेली ते वास सुटल्यावर कळलं. कावळे पडले, एक शेळी पडली. त्या साली उंदीर इतके झाले की दिवाळीपर्यंत त्यांनी जाळी कुरतडून ठेवली.  

माझी सून शिकलेली आहे, माणगावची. ती शेडीत सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, माझ्या माहेरी एक डॉक्टरीण आहे. मांजरांची ऑपरेशनं करते, पुन्हा पिल्लं होत नाहीत. गाडी घेऊन येते आणि त्याच दिवशी परत आणून सोडते."

पुतण्या हसला. "म्हणजे आता मांजरांची पण नसबंदी? माणसांची कराया कोण येत न्हाय."

शेडीतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "पाटील, आधी तुझंच नाव दे."

पण सुनेने हट्ट सोडला नाही, आणि मीही तिच्या बाजूने उभी राहिले. शेवटी पुतण्याने अट घातली. "नारळी पुनवेपर्यंत काय करायचं ते करा. पण एक जरी मांजर त्या बाईच्या हातून मेली, तर गाडी परत वाड्यात येणार न्हाय. मग माझं मी बघतो."

डॉक्टरीण आली ती बारीक, चष्मेवाली, पायात पावसाळी बूट. तिने सात पिंजरे उतरवले आणि आम्हा बायकांना गोळा करून सांगितलं. मांजर आदल्या संध्याकाळी धरायची. धरल्यावर पाणी चालेल, खायला मात्र काही नाही. पिंजऱ्यात ठेवलेला तुकडा तिने खाल्ला तेवढाच. "भुलीचं इंजेक्शन दिलं की पोटातलं वर येतं आणि श्वासात जातं. मांजर गुदमरते. म्हणून सकाळी मी प्रत्येकीला विचारणार. खरं सांगायचं. खाल्लं असेल तर मी त्या दिवशी तिला हात लावणार नाही, पुढच्या खेपेला घेईन."

मीच बायकांना दम दिला. "ऐकलंत का? कुणाचा हात सुटला तर मी तोडीन."

पावसाळा हाच मांजर धरायचा काळ, हे डॉक्टरणीला आम्ही शिकवलं. होड्या चालू असताना बंदरावर इतकं पडलेलं असतं की पिंजऱ्याकडे मांजर बघत नाही. बंदीत ती उपाशी असतात. पहिल्या खेपेला सुकटीच्या वासावर एका संध्याकाळी सात धरली. दुसऱ्या दिवशी सातही परत आली, झिंगलेली, डाव्या कानाचं टोक कापलेलं. ती खूण असते, म्हणजे पुन्हा तीच मांजर धरायला नको. पुतण्याने येऊन सातही कान मोजले आणि गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

दुसऱ्या खेपेला मला काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची जुनी मांजर धरायची होती. अर्ध्या वाड्यातली मांजरं तिच्याच पोटची. पिंजऱ्याभोवती ती तीन संध्याकाळी फिरली आणि निघून गेली. चौथ्या दिवशी, गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी, आत शिरली. मी पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं आणि तो पडवीत, चुलीपासून हातभर अंतरावर ठेवला. बाहेर पाऊस होता.

सकाळी उजाडल्यावर मी न्याहारीला बोंबील भाजायला बसले. आमच्या घरात सासूची एक शिस्त होती. मासळी भाजताना दाराशी तोंड बघत कुणी बसलं असेल, तर पहिला तुकडा त्याचा. कुत्रं असो, मांजर असो, भिकारी असो. वासावर कुणाला टांगून ठेवायचं नाही, नाहीतर ती मासळी अंगी लागत नाही, असं ती म्हणायची. मी पन्नास वर्षं तेच करत आले. सुक्या बोंबलाची मुंडी मोडायची, बाजूला टाकायची, बोंबील निखाऱ्यावर ठेवायचा. मुंडी मोडायची, टाकायची. माझं लक्ष नातीच्या रडण्याकडे होतं. पिंजऱ्यातून कुडुमकुडुम आवाज येत होता आणि तो माझ्या कानांना नेहमीचा वाटला.

वळून बघितलं तेव्हा गोणपाट सरकलेलं होतं आणि मांजर तोंड पुसत होती. आठ-दहा मुंड्या तिने जाळीतून आत ओढून खाल्ल्या होत्या.

मला दया आली म्हणून मी घातलं नाही. तसं असतं तर तसं सांगितलं असतं. हाताने घातलं, आणि हात माझाच होता.

थोड्या वेळाने गाडी आली. डॉक्टरणीने पिंजरे ओळीने लावले आणि विचारत विचारत माझ्यापाशी आली. "मावशी, हिने काही खाल्लं नाही ना?"

सगळ्या बायका उभ्या होत्या. हात तोडीन म्हणाले होते ते त्यांच्यासमोरच. शिवाय ही मांजर पुन्हा पिंजऱ्यात शिरणार नाही हे मला ठाऊक होतं. आणि मला वाटलं, बोंबलाच्या मुंड्या त्या केवढ्या, आत जिरल्या असतील.

"न्हाय," मी म्हणाले.

दुपारी गाडी परत आली. डॉक्टरीण सहा पिंजरे उघडून सातवा खाली ठेवून उभी राहिली. त्यात मांजर आडवी होती, पाय ताठ. डॉक्टरणीचे डोळे सुजलेले होते. "वाचवायचा खूप प्रयत्न केला," ती म्हणाली. "पोटात अन्न होतं." तिने माझ्याकडे बघितलं. पुतण्या मध्ये येऊन उभा राहिला.

"कारणं नकोत, बाई. तुमच्या हातून मेली का न्हाय?"

"हो. माझी जबाबदारी आहे," ती म्हणाली.

"मग झालं. गाडी वळवा."

तिने माझं नाव घेतलं नाही. पिंजरे गाडीत भरताना माझ्या बाजूने दोनदा गेली, तरी घेतलं नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. मी दोरीवरचं लुगडं काढलं आणि घरात गेले.

सून संध्याकाळभर नातीला मांडीवर घेऊन बसली होती. भाकरी थापायलाही उठली नाही. तिने मला एकच विचारलं. "आई, आता ते कधी टाकतील?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले. ठाऊक होतं. पुतण्याने कपाटावर औषधाचा डबा आणून ठेवलेला मी बघितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडीकडून माशांचा वास आला. खाडीतल्या शिंगाळ्यांचा ताजा वास, बंदीच्या दिवसांत लांबून कळतो. मी तशीच चप्पल न घालता गेले. शेडीत पुतण्या एकटा होता. त्याने हातावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. पाटीत मुंड्या होत्या आणि पाटी अर्धी रिकामी झाली होती.

"थांब रं," मी म्हणाले. "त्या पोरीच्या हातून न्हाय मेली. मी खायला घातलं. सकाळी, बोंबलाच्या मुंड्या. तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

"काकी, तू?"

"व्हय, मी."

"आणि ती बाई काल समोर रडत उभी होती, तेव्हा तुझं तोंड कुठं गेलं होतं?"

मी म्हणाले, "ठेवल्यास त्या मुंड्या उचल आधी. मग मला काय बोलायचं ते बोल."

त्याने पिशव्या तशाच ठेवून मुंड्या उचलायला सुरुवात केली. जुन्या जाळ्याखालून एक. खांबामागून दोन. होडीच्या फळीखालून एक. दारापाशी एक. मग तो उभा राहिला आणि बोटांवर मोजायला लागला.

"किती ठेवल्या होत्यास?" मी विचारलं.

"सहा."

आम्ही दोघांनी ती शेड रिकामी केली. मग वाड्यातली माणसं आली आणि प्रत्येक जाळं बाहेर पावसात नेऊन झटकलं. बुचं निघाली, खेकड्याच्या नांग्या निघाल्या, उंदराचं घरटं निघालं. सहावी मुंडी निघाली नाही. पुतण्या म्हणाला, मोजण्यात चूक झाली असेल. मग म्हणाला, कावळ्याने नेली असेल. संध्याकाळी आम्ही विहिरीवर पत्रा टाकून त्यावर दगड ठेवले. त्यानंतर वाड्यात कुठे मेलेलं मांजर सापडलं नाही, कावळाही नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं.

पुतण्याने वाड्यासमोर डॉक्टरणीला फोन केला आणि मीच तो हातात घेतला. मी सांगितलं ते तिने सगळं ऐकून घेतलं. "मावशी, मी विचारलं होतं," एवढंच ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात गाडी आली. आता जवळजवळ सगळ्या मांजरांचे कान कापलेले आहेत आणि पिल्लं दिसत नाहीत. सकाळी पिंजऱ्यांचं ती सुनेला विचारते, मला नाही.

शेडीत पोरं पुन्हा खेळायला लागली. माझ्या नातीला मात्र खाली सोडत नाहीत. सून तिला माझ्याकडे देते, कामं असतात, द्यावीच लागते. पण परत घेताना ती आधी पोरीचा जबडा दाबून तोंड उघडते, आत बोट फिरवते आणि बोटाचा वास घेते. माझ्यासमोरच. मग मूल कडेवर घेते आणि जाते.