सारखंच

मी शाळेत गेलो नाई. एकदा गेलतो, छपराच्या कवेलूवरचे वांदरं हाकलाले. अक्षर येत नाई, पन नाटकात विनोदी पार्ट करो. दुसरा वाचून दाखवे, मी पाठ करो. हिवाळा लागला का मी पळो वडस्याले, नाटकाच्या तंबूत, आन् बायको एकटी धान कापे. त्या साली तिनं इळा फेकला. "नाटक सांभाळ, नाई त मले," म्हनली आन् नागभीडकडं माहेरी निघून गेली.

मी आनाले गेलो. सासूनं पान्याचा गडवा असा आपटला का अर्धं पानी माह्या पायावर. सासरा पाठ करून दोरी वळत बसला. साळा तेवढा खुश. तो चंद्रपूरले कालेजात शिके, आन् लग्नात मी त्याच्या नव्या चपला कुत्र्याच्या गळ्यात बांधल्या तवापासून माह्यावर डाव धरून होता.

"भाऊजी, आमाले कालेजात अर्थशास्त्राचा समवृत्ती वक्र शिकवला."

"वक्री त शनी असते गा. तुमच्या घरात तोच बसून दिसते मले."

ओसरीत शेजारचे लोक जमले होते, ते हासले. लोक हासले का मले माहाच भरोसा राहत नाई.

साळ्यानं कोळसा घेतला, सारवल्या भिंतीवर एक उभी रेघ मारली, एक आडवी. "उभी म्हनजे बिडी, आडवी म्हनजे चहा. बिड्या लय आन् चहा थोडा, चालते?"

"चालते."

"बिड्या थोड्या, पन चहा लय?"

"तेबी सारखंच."

त्यानं ठिपके देल्ले, जोडले. रेघ वाकडी झाली. म्हनला, "जे जवळ थोडं उरते ते मानूस सोडत नाई. एक बिडी सोडाची त लय चहा मांगते. म्हनून रेघ वाकते." मले पटलं. घरी मी एकच बिडी उरली का कोनाले दाखवतबी नाई.

मंग त्यानं शेजारी दुसऱ्या दोन रेघा मारल्या. "आता उभी म्हनजे नाटक. आडवी म्हनजे आमची ताई. नाटक लय, ताई थोडी?"

मले तवाच उठाचं होतं. पन लोक पाहून राह्यले होते ना! म्हनलं, "चालन!"

"ताई लय, नाटक थोडं?"

"तेबी सारखंच!"

सारी ओसरी हासली. सासऱ्याचीबी पाठ हालली. साळ्यानं ठिपके जोडले आन् आवाज देल्ला, "ताई, पाह्य. तू आन् तो तंबू एकाच रेघेवर."

बायको दारातच उभी होती, सूप हातात. गाठोडं तिच्या मांगं बांधून ठेवलेलं दिसलं मले. म्हनजे ती माह्यासंगं याले निंगाली होती.

"सारखंच काय?" तिनं इचारलं.

माह्या मनात आलं का सांगावं, बाई, तू आता माह्याजवळ थोडीबी उरली नाई, तुह्या एका दिवसापाई सारा तंबू देऊन टाकतो. रेघ तेच सांगत होती. पन तोंडातून निंगालं, "सारखंच कसं? तंबूत चहा गरम भेटते!"

या बारीले कोनी हासलं नाई.

"मले कोनी इचारलंच नाई," ती म्हनली. "मीच सांगते. तू घरी असला का वडस्याले, मले सारखंच."

आन् गाठोडं सोडाले आत गेली.

सासू शेनाचा पोचारा घेऊन आली. "उठा जवाई, भिंत सारवाची हाये." मी त्याच भिंतीले टेकून बसलो होतो, उठलो.

नागभीडच्या ठेसनावर लोक माह्याकडं पाहून हासत होते. मले वाटलं, नाटकातला वळखला. मी दोन-चार जनाईले सलामबी ठोकला. घरी येऊन सदरा काढला त पाठीवर कोळशाची वाकडी रेघ. धुवाले बसलो, त बायको साबन कुठी ठेवते तेच मले मालूम नोतं.