अडखळणारी पालखी

सहा वर्षांपूर्वी मी जेमतेम साठीची पोर होते. कॉलेजच्या काँप्युटर लॅबमधून नुकतीच निवृत्त झालेली, आणि गावातलं कुठलंही यंत्र मला विचारल्याशिवाय बिघडत नाही अशा तोऱ्यात वावरणारी. त्या बाईचं मला हसू येतं. फक्त हसताना मी अधूनमधून मागे वळून बघते, कारण ती अजून घरातून गेलेली नाही असं मला वाटत राहतं.

आमचे हे त्या वर्षी वैशाखात गेले. सकाळी पेज प्यायले, पेपर उघडला आणि तसेच खुर्चीत कलंडले. मेंदूत रक्तस्राव. तेराव्याला त्यांची बहीण, माझी हर्णेची नणंद, पातेली पुसता पुसता म्हणाली, "शिमग्यातच त्याच्या हातातला नारळ सुटला होता, वैनी. मी बघितला. तू तर बाजूलाच होतीस. तुला नाय दिसला?"

शिमग्यात देवीची पालखी आमच्या अंगणात येते. घरच्या कर्त्यानं नारळ धरून उभं राहायचं, गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. तो नारळ हातातून सुटला असता तर मला आठवलं असतं की नाही? मला काहीच आठवत नव्हतं. पण नणंदेचं वाक्य डोक्यातून जाईना. ह्यांचा हात दोन महिने आधीच दगा देत होता आणि खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या बायकोला पत्ता नव्हता, असा त्याचा सरळ अर्थ होता.

त्या दिवसाचा व्हिडिओ होता, ह्यांच्याच काँप्युटरवर. निवृत्तीनंतर हे लिनक्सच्या नादी लागले होते. बायकोकडून शिकायचं नाही, या एकाच जिद्दीपोटी सगळं स्वतः शिकले. पावसाळ्यात तो डबाही खाऱ्या हवेनं गंजून बंद पडला. डिस्क तेवढी वाचली. मी ती अख्खीच्या अख्खी माझ्या काँप्युटरात व्हर्च्युअल मशीन करून वसवली. म्हणजे माझ्या खोक्याच्या पोटात त्यांचं खोकं, जसं होतं तसं. सुरू केलं की पडद्यावर त्यांनी काढलेला मांडवीच्या धक्क्याचा फोटो, कडेला त्यांच्या फायली. आणि रोज दुपारी चार वाजता कोपऱ्यातून एक चिठ्ठी सरकत वर यायची: गोळी घे. पहिल्या दिवशी मी तिला मोठ्यानं "हो" म्हटलं.

व्हिडिओ लावला तर आवाज अगदी स्वच्छ. ढोल नीट, सनई नीट, गाऱ्हाणं नीट. चित्र मात्र अडखळत होतं. पालखी तुळशीपाशी, मग एकदम पायरीपाशी. ह्यांच्या हातात नारळ, मग हात रिकामा, मग पुन्हा नारळ. दहा वेळा बघितलं. नारळ जायचा आणि यायचा, आणि मागे सगळं गाव म्हणत असायचं, होय महाराजा.

आता हा दोष हाताचा की मशीनचा?

मशीनचा दोष होताच. असल्या आतल्या मशीनला स्वतःचं ग्राफिक्स कार्ड नसतं. बाहेरचं कार्ड त्याला जोडून दिलं नाही तर सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर हातानं काढतो. शंभर पानांच्या पंगतीला एकट्या बाईनं भाकऱ्या थापाव्यात तसं. जमेना झालं की मधली चित्रं गाळतो. हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. तरी त्या शहाण्या बाईनं काय केलं? मेमरी वाढवली. पोराला गणित येत नाही म्हणून त्याला जास्त भात वाढावा, तसं. मग थ्रीडी ॲक्सिलरेशनची, म्हणजे बाहेरचं कार्ड आत जोडून द्यायची, खूण केली, तर अख्खा पडदा काळा, आणि त्यात माझंच तोंड. खूण काढली, पुन्हा केली. असे तीन महिने. शेजारी विचारायचे, काय करता दुपारभर? मी सांगायची, ह्यांचं मशीन दुरुस्त करते. ते पावसाचं बोलायला लागायचे.

दसऱ्यानंतर नणंद सुकटीची पिशवी घेऊन आली. तिला व्हिडिओ दाखवला. तिनं एकदाच बघितला. म्हणाली, "आवाज धड हाय, माणूस तेवढा तुटतोय. मग ही फीत ह्याच्यातून काढून तुझ्या बाहेरच्या यंत्रात का नाय लावत?"

मी तिला डिस्क, ड्रायव्हर आणि प्रोसेसर यांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. तिनं ते सुकट निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "असेल बाई."

ती गेल्यावर मी नुसती बसून राहिले. फाईल आतून बाहेर काढणं हे दोन मिनिटांचं काम. बाहेर व्हिडिओ लोण्यासारखा चालला असता. तीन महिन्यांत हे मला सुचलं नव्हतं, असं मी कुणाला सांगू? सुचलं होतं. चित्र तुटत होतं तोवर नारळ पडलाही नव्हता आणि धरलेलाही नव्हता. मशीन बिघडलेलं राहावं यासाठीच ती बाई ते दुरुस्त करत बसली होती.

तरीही फाईल मी बाहेर काढली नाही. बघायचंच तर ह्यांच्या घरात, त्या आतल्या मशीनमध्येच बघायचं, असं ठरवलं, आणि यावेळी काम खरोखर केलं. बाहेरच्या मशीनमध्ये माझ्या खात्याला कार्डाला हात लावायची परवानगीच नव्हती. ती दिली. ह्यांचं लिनक्स जुनं, त्याला नवा ड्रायव्हर कळत नव्हता. ते अपडेट करायचं मी इतके दिवस टाळलं होतं, त्यांची मांडणी मोडेल म्हणून. आधी जशीच्या तशी प्रत ठेवली आणि मग केलं. कार्डाकडून व्हिडिओ उलगडून घ्यायचा सॉफ्टवेअरचा तुकडा त्यात मुळातच घातलेला नव्हता, तो वेगळा आणून बसवला. मग मशीनला विचारलं, चित्र कोण काढतंय? इतके दिवस उत्तरात प्रोसेसर असायचा. आज कार्डाचं नाव आलं. मी पदरानं उगाचच पडदा पुसला.

व्हिडिओ लावला. पालखी तुळशीपासून पायरीपर्यंत चालत आली, न अडखळता. ह्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून सैल झाली. घाईनं नाही, झोप लागल्यासारखी. नारळ सुटला. तेवढ्यात बाजूनं एक हात आला, बांगड्यांनी भरलेला. त्यानं नारळ वरच्या वर झेलला आणि परत त्यांच्या तळव्यावर ठेवला. माझाच हात. ओठ हलले. आवाज ढोलात बुडालाय, पण काय म्हटलं ते मला ठाऊक आहे. उभ्या संसारात मी तेच म्हणत आले: लक्ष कुठंय?

ह्यांनी तळहाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. बरंच बघितलं, तीन सेकंद तरी. आणि मी? जरीचं नेसलेली, पदराला पिन लावलेली ती ठमाबाई कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. म्हटलं, तू म्हणालीस ते खरं, सुटला होता. मीच झेलला, आणि विसरले.

मग ती म्हणाली, "वैनी, मला तेव्हा वाटला घामानं सुटला. तेराव्याला मी उगाच बोलले."

"मलाही घामच वाटला असेल," मी म्हटलं.

"त्याला काय वाटला?"

मी सांगितलं, त्यांनी हात बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"आणि तू?"

मी खोटं बोलणार होते. चांगलं जमतं मला. पण तिला सांगितलं, मी कॅमेऱ्याकडे बघत होते. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तू नेहमी तशीच गो," आणि आम्ही दोघी हसलो. हसत असतानाच घड्याळाकडे माझं लक्ष गेलं. चार केव्हाच वाजून गेले होते, आणि अपडेटनंतर गोळीची चिठ्ठी आलीच नव्हती.